डोकं माझं, डोळे हिचे

१

वीस लाख नाहीसे झाल्याचं दादांना कळलं, तेव्हा वहिनी भाजी आणायला गेल्या होत्या.

एरवी घरातला फोन वहिनीच लावायच्या. त्या दिवशी दादांनी बटणं चाचपत स्वतः लावला. सल्लागाराच्या कचेरीचा नंबर त्यांना तोंडपाठ होता, कारण गेली पाच वर्षं ते त्या कचेरीला नावं ठेवत आले होते, आणि ज्याला नावं ठेवायची त्याचा नंबर तरी ठाऊक हवा असं त्यांचं मत. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार लाख काढायचे आहेत, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पलीकडचा माणूस म्हणाला, "काका, तुमच्या खात्यात काही शिल्लकच नाही. तुम्हीच सगळे काढून नेलेत."

दुसरा फोन दादांनी धाकट्या बहिणीला लावला. "चिमे, असशील तशी ये. त्या टायवाल्याने आपल्याला लुटलं."

चिमी म्हणणारे दादा जगात एकटेच उरले होते. बाकी सगळे तिला तपासबाई म्हणत. विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात तिची एकतीस वर्षं गेली होती. जळालेल्या गोदामात जळालाच नव्हता असा माल तिने शोधून काढला होता, आणि मेला म्हणून ज्याचे पैसे उचलले गेले त्या गृहस्थाला केस कापून घेताना पकडलं होतं. दिसलं ते लिहायचं, एवढा एकच नियम तिने पाळला. खोट्या अहवालावर एकदाही सही केली नाही, आणि एकटीने काढलेल्या आयुष्यात अभिमान धरावा असं दुसरं फारसं काही तिच्याजवळ नव्हतं.

ती लगबगीने निघाली त्याला आणखी एक कारण होतं. तिच्या आयुष्यभराच्या शिलकीतले आठ लाख दीड वर्षापासून दादांकडेच होते.

दादा घड्याळजी. चाळीस वर्षं एका अरुंद गाळ्यात डोळ्याला भिंग लावून बसले. गाळा विकून चाळीस लाख आले, तेव्हा नवरा-बायकोत जुंपली. दादांचं म्हणणं, आपले पैसे आपण गुंतवायचे, सल्लागाराला दर वर्षी शेकडा एक द्यायचा तो कशाबद्दल? टाय बांधल्याबद्दल? वहिनी म्हणाल्या, "चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडलीत. एखादं गिऱ्हाईक म्हणालं असतं, द्या इकडे, मीच उघडतो, तर त्याच्या हाती पेचकस दिला असतात का?" यावर दादा जास्तच हट्टाला पेटले. शेवटी निम्मेनिम्मे झाले. वीस लाख वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे सल्लागाराकडे, वीस लाख दादांच्या हाती. पाच वर्षांनी कोण जिंकतं ते बघू, असं ठरलं.

दोन वर्षांत दादांचा डावा डोळा गेला आणि उजव्यावर धुकं आलं. शेअर मात्र सुटले नाहीत. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला वहिनी कॉम्प्युटरपुढे बसत, भाव वाचून दाखवत, दादा सांगतील ते घेत, सांगतील ते विकत आणि एका जाड वहीत सगळं लिहून ठेवत. "डोकं माझं, डोळे हिचे," असं दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ती वही बघूनच तपासबाईने आठ लाख दिले होते.

ती पोचली तेव्हा दहा वाजायला आले होते. वहिनी परत आल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि वीस लाख गेल्यावर कुणाचाही पडेल, म्हणून तपासबाईने तो मनावर घेतला नाही.

"आधी वाचन होऊ दे," दादा म्हणाले. घरात चोरी झाली म्हणून दहाचे सव्वादहा होऊ देणारे ते नव्हते.

कॉम्प्युटर खिडकीत, पाठ खोलीकडे करून ठेवलेला. त्याच्याआडून वहिनींनी भाव वाचले, बटणं दाबल्याचा टकटकाट केला, वहीत लिहिलं. "एकसष्ट लाख, चाळीस हजार." मग त्या उठून शिलाई मशीनपाशी जाऊन बसल्या. शाळेचे गणवेश शिवून द्यायचं काम त्या करत. मशीनच्या वरच्या खिळ्यांना बाह्यांचे, कॉलरचे, खिशांचे बेतायचे कागद टांगलेले होते.

"ऐकलंस?" दादा म्हणाले. "तुझे आठ धरून माझे अठ्ठावीस, त्याचे एकसष्ट झाले. आणि त्या शहाण्याच्या विसाचं शून्य! पण मी माझ्या चालत्या शेअरना हात लावणार नाही. त्याच्याकडूनच वसूल करायचे. जावई म्हणतो, असल्या डोळ्याचंही ऑपरेशन होतं हल्ली. हिच्या डॉक्टरने नुसते थेंब देऊन ठेवलेत. चिमे, मला एकदा घड्याळाचा काटा बघायचाय गं."

शिलाई मशीन मध्येच थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

२

सल्लागाराने तिला पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. "तुम्ही मागे दोनदा आला होतात. तिसऱ्यांदा आला नाहीत."

हे खरं होतं. दीड वर्षापूर्वी ती इथे येऊन बसली होती. या माणसाने तिला वय विचारलं, आजार विचारले, आणि वर्षाला आठ-नऊ टक्के मिळतील, एखाद्या वर्षी काहीच मिळणार नाही, असं सरळ सांगितलं. दादांच्या वहीत तेव्हा बावीस टक्के दिसत होते. तिने विचार केला, परक्याला कमिशन देऊन नऊ घेण्यापेक्षा भावाकडून फुकट बावीस काय वाईट?

"पैसे काढल्याचे कागद दाखवा," ती म्हणाली.

त्याने अकरा कागद काढले. पहिला तीन वर्षांपूर्वीचा, शेवटचा वीस महिन्यांपूर्वीचा. तपासबाईने चष्मा पुसला. सह्या दादांच्याच होत्या, बारीक, कोरीव, एकही अक्षर हललेलं नाही. नकली सही ती वासावरून ओळखायची, आणि ह्या नकली नव्हत्या. पण अकरांतली एकही सही छापील रेघेवर बसत नव्हती. कुठे वर चढली होती, कुठे खाली उतरली होती. आणि प्रत्येक सहीच्या पहिल्या अक्षराशेजारी एक पुसट, काळपट, तेलकट डाग होता.

कागद कशाचा आहे हे न दिसणाऱ्या माणसाने त्या सह्या केल्या होत्या. सही कुठे करायची ते कुणीतरी बोट टेकवून दाखवलं होतं.

"मी तीनदा फोन केला," सल्लागार म्हणाला. "मोडू नका म्हणून सांगितलं. दर वेळी एकच उत्तर, त्यांना हवेत. मी सल्ला देतो बाई. हात धरून थोडंच ठेवता येतं?"

"फोन दादांनी घेतला होता?"

"काकांनी कधीच नाही. पण सही त्यांची, खातं त्यांचं. मी कोण विचारणार?"

तपासबाईला तो खरा वाटला नाही आणि खोटाही वाटला नाही. तिने शेवटचा प्रश्न विचारला. "पैसे गेले कुणाच्या खात्यात?"

सल्लागाराने कागद उलटा करून तिच्यापुढे सरकवला. "काकांच्याच. ज्यातून ते शेअर घेतात, त्याच खात्यात. अकराच्या अकरा वेळा."

एकतीस वर्षांत तिने नाना तऱ्हेचे चोर पाहिले होते. एका खिशातून पैसे काढून त्याच माणसाच्या दुसऱ्या खिशात ठेवणारा चोर तिने पाहिला नव्हता. ती निघाली, तेव्हा सल्लागाराने गिऱ्हाइकांना द्यायचं टेबलावरचं कॅलेंडर तिच्या हातात ठेवलं. पुढे हे वर्ष, मागे गेलं वर्ष, आणि शेअर बाजार बंद असण्याच्या दिवसांना लाल चौकट. फुकटची वस्तू नाकारायची तिला सवय नव्हती.

३

कॉम्प्युटर जावयाने बसवून दिला होता आणि पासवर्डही त्यानेच घातला होता. त्याचं टायरचं दुकान होतं. ते दुकान आता बंद दिसलं, आणि घरी जावई नव्या कोचावर आडवा पसरला होता. तपासबाईच्या मनात जे यायचं ते आलं.

"कोच नवा दिसतोय," ती म्हणाली.

"पाठीसाठी घ्यावा लागला, आत्याबाई. मणक्याची गादी सरकली." तो कण्हत उठून बसला. "टायर उचलणं जन्माचं बंद. दुकान विकलं गेल्या महिन्यात. तीस लाख आले." त्याने न मागता विक्रीचे कागद आणि पासबुक पुढे ठेवलं. तिने बारकाईने पाहिलं. पैसे तो म्हणाला तिथूनच आले होते. तिचा एक संशयित गेला.

"तुम्हालाच विचारायचं होतं," जावई म्हणाला. "आमच्याकडे आता हे तीसच. ह्यावर दोन पोरींचं शिक्षण आणि आमचं पोट. मी म्हणतो, सल्लागाराकडे ठेवू. तुमची भाची म्हणते, बाबांकडे द्या, बाबांची वही बघा. तुम्ही तर त्यांच्याकडेच दिलेत. काय करू?"

"आठवडाभर थांब," तपासबाई म्हणाली. "कॉम्प्युटरचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे?"

"सासूबाईंना. पण तो असून काय उपयोग? नेट माझ्या नावावर होतं. दहा महिन्यांपूर्वी त्यांनीच बंद करायला लावलं. म्हणाल्या, दुसरं स्वस्तातलं घेतलंय. घेतलंय ना?"

तपासबाईने कालच त्या खोलीत अर्धा तास काढला होता. खिडकीतून आत येणारी एकही तार तिला आठवेना.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी गणवेशांचा गठ्ठा घेऊन शाळेत गेल्या. दादा खाटेवर बसून एक जुनं खिशातलं घड्याळ न बघता उघडत होते. बोटांना सगळं ठाऊक होतं.

"दादा, तू शेअर निवडतोस कसे?" तिने वही उघडता उघडता विचारलं.

दादा खुलले. "लोक पळतात चढत्याच्या मागे. मी पडलेला घेतो. आणखी पडला की आणखी घेतो. बंद पडलेलं घड्याळ फेकून देतं जग, आणि ते चालू होतं, चिमे. चाळीस वर्षांत माझ्याकडून बंद घड्याळ परत गेलं नाही."

घड्याळ चालू करायला आत दादांची बोटं असायची. पडलेल्या कंपनीच्या आत कोण होतं?

तिने सल्लागाराचं कॅलेंडर वहीशेजारी ठेवलं आणि एकेक लाल चौकट ताडून पाहू लागली. गेल्या वर्षी सुरुवातीच्या महिन्यांतले बंदीचे दिवस वहीत कोरे होते. 'आज बंद', एवढंच वहिनींच्या अक्षरात. मग दहा महिन्यांपूर्वीची पहिली लाल चौकट आली. वहीत त्या दिवशी तीन शेअर घेतले होते, भावासकट. पुढची चौकट आली. दोन विकले, नफ्यात. त्यानंतर बाजार जितक्या वेळा बंद होता, तितक्या वेळा दादांनी त्यात पैसे कमावले होते.

बाजार कधी बंद असतो हे कॉम्प्युटर उघडला की कळतं. दहा महिने तो उघडलाच नव्हता. वहिनी काळ्या पडद्यापुढे बसून बटणं वाजवत होत्या आणि मनातले आकडे वाचत होत्या.

मग खरे आकडे कुठे होते? दर महिन्याला टपालाने हिशेबाचे कागद येत असणार. तपासबाईने कपाट पाहिलं, ट्रंक पाहिली, गादीखाली पाहिलं. एकतीस वर्षं लोकांनी दडवलेलं शोधून तिला एक खोड लागली होती, वस्तू दडवलेलीच असणार असं धरून चालायची. दमून ती शिलाई मशीनच्या स्टुलावर बसली आणि तिची नजर समोरच्या खिळ्याकडे गेली.

ज्या घरात बघणारं एकच माणूस, तिथे दडवायची गरज कशाला?

बाहीचा कागद छापील होता. कॉलरचाही. तिने ते एकेक करून खाली काढले आणि जमिनीवर मांडले. उजवी बाही म्हणजे मागच्या वर्षीचा एक महिना, डावी म्हणजे पुढचा. कॉलरच्या दोन तुकड्यांत तिचे आठ लाख आत आलेले दिसले आणि पाठीच्या मोठ्या कागदावर ते गेलेले दिसले. शेवटचा आकडा एका लहान मुलाच्या कमरपट्ट्याच्या कागदावर होता. त्रेचाळीस हजार.

मशीनच्या हातचाकाला तिचं बोट लागलं. बोटावर काळपट, तेलकट डाग उमटला.

"काय गं, गप्पशी झालीस?" दादांनी विचारलं.

"काही नाही. मोजतेय."

कागद परत खिळ्याला लावताना खिशाच्या आकाराचा एक तुकडा गळून पडला. त्यावर आकडे नव्हते. वर डॉक्टरांच्या दवाखान्याचं नाव होतं, आठ महिन्यांपूर्वीची तारीख होती, आणि कात्रीतून वाचलेली दीड ओळ होती. 'उजव्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन तीन महिन्यांच्या आत करणं अत्यंत'.

५

डॉक्टरांनी तो खिसा हातात घेतला आणि उलटून पाहिला.

"मी पूर्ण पानभर लिहून दिलं होतं," ते म्हणाले. "त्यांच्या मिसेसना समोर बसवून सांगितलंही होतं. त्यांनी मान डोलावली. नंतर दर महिन्याला थेंब न्यायला त्याच यायच्या. मला वाटलं, ऑपरेशन दुसरीकडे करून घेतलं असेल."

"आता केलं तर? चार लाख मी उभे करीन. घर गहाण टाकीन."

गेल्या पंधरवड्यात डॉक्टर गावाला गेले असताना जावयाने दादांना आणलं होतं आणि मदतनिसाने डोळे तपासले होते, त्याचा कागद डॉक्टरांनी शोधून काढला. "हा रिपोर्ट कालच आला. बाई, तुम्ही अनुभवी आहात म्हणून स्पष्ट सांगतो. नका घर गहाण टाकू. जे वाचवायचं होतं ते आता तिथे नाही. जो काही उजेड दिसतोय तोही वर्षभरात जाईल."

तपासबाई पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. समोरच्या दुकानात ओळीने भिंतीवरची घड्याळं लावली होती, आणि प्रत्येकात वेगळी वेळ होती. ती तिथे उभी राहून रडली. येणारेजाणारे बघत होते, त्यांना बघू दिलं.

६

वहिनी शाळेच्या फाटकाबाहेर बाकावर बसलेल्या सापडल्या. शिवलेले गणवेश दिले होते, नव्या कापडाचा गठ्ठा मांडीवर होता. तपासबाईने तो खिसा गठ्ठ्यावर ठेवला.

"कळलं का वन्सं," वहिनी म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

"मला एकच कळत नाही. पैसे तुमच्या वाट्याचे. सल्लागार तुम्ही निवडलेला. तुमचं बरोबर होतं, वहिनी. ते सिद्ध होत होतं. मग काढलेत का?"

"तेच सिद्ध होत होतं म्हणून." वहिनींनी कापडाची घडी सारखी केली. "डोळा गेला, गाळा गेला. मग ह्यांच्याकडे राहिलं काय? सकाळचे दहा. पहिल्यांदा सगळं बुडायला आलं ना, तेव्हा मी खरं वाचणारच होते. ह्यांनी विचारलं, किती? मान अशी पुढे केलेली. मला नाही वाचवलं. म्हटलं, दोन लाख माझ्यातले टाकू, म्हणजे वाचेन ते खोटं तरी नसेल. बाजार वर आला की परत ठेवू. मग पुन्हा पडले. पुन्हा टाकले."

"आणि माझे?"

"तुम्ही वही बघून आलात! काय सांगू? नका देऊ म्हटलं असतं, तर तुम्ही विचारलं असतंत, का? तुम्हाला 'का'चं उत्तर मिळाल्याशिवाय चैन पडतं का कधी?" वहिनी पहिल्यांदाच तिच्याकडे वळल्या. "तुमचे पैसे होते तोवर मी खरे आकडे वाचत होते. देवाशपथ. मग एका पडझडीत सगळंच संपलं आणि... एकदाच मनातला वाचला. म्हटलं, आजच्या दिवसापुरता. पण दुसऱ्या दिवशी हे विचारणारच ना, काल एवढे होते, आज किती?"

"डॉक्टरांची चिठ्ठी," तपासबाई म्हणाली. "ती तुम्ही काय म्हणून वाचलीत?"

"थेंब म्हणून."

"वहिनी, डोळा गेला त्याचा."

"हे म्हणाले असते, काढ चार लाख. कुठून काढू? लेकीला सांगू? मग तिला सगळंच सांगायला हवं. आज सांगू, उद्या सांगू. रोज दहा वाजायचे, रोज मी वाचायचे." त्यांनी खिशाचा तो तुकडा उचलून कापडाच्या घडीत सरकवला, जणू तो अजून कामाचा होता. "वन्सं, पोलिसांत द्यायचं तर द्या. खरंच द्या. मला आता वाचवत नाही. तुम्हीच सांगा त्यांना. तुम्हाला खरं सांगायची सवय आहे."

शाळा सुटली. पोरांचा लोंढा फाटकातून बाहेर पडला, आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या अंगात दादांच्या हिशेबावर बेतलेल्या बाह्या होत्या.

७

पूर्ण एक दिवस तपासबाईने मनाशी अहवाल रचला. काय झालं, कुणी केलं, कधी केलं. दिसलं ते, वर एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती दादांच्या घरी गेली, तेव्हा दहाला पाच कमी होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. कॉम्प्युटरपुढची खुर्ची रिकामी होती.

"आली का तपासबाई!" दादा म्हणाले. "बोल. टायवाल्याला आत टाकतेस ना?"

"आधी डोळ्याचं सांगते, दादा." ती त्यांच्याजवळ खाटेवर बसली. "मी डॉक्टरांकडे गेले होते. ऑपरेशनचा आता उपयोग नाही. उशीर झाला."

दादांनी हातातलं घड्याळ मिटलं. त्यांची बोटं त्याच्या कडेवरून एकदा फिरली, पुन्हा फिरली.

"म्हणजे हा उजेडही?"

"वर्षभरात."

दादांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "बरं. चार लाख वाचले म्हणायचे." हसायचा प्रयत्न केला तो फसला. "डोकं तर शाबूत आहे ना? डोळे काय, हिचे आहेत." आणि हळूच, "चोराचं सांग."

आता सांगायचं होतं. वाक्यं तयार होती. तिने पहिलं उच्चारलं, आणि ते अक्षरशः खरं होतं.

"चोरी झालीच नाही, दादा. सल्लागाराने एक पैसा खाल्ला नाही. वहिनींनी त्यांच्या वाट्याचे वीस लाख काढून तुझ्याच खात्यात टाकले. अकरा वेळा. सह्या तुझ्याच आहेत."

पुढचं वाक्य यायच्या आत दादांचा चेहरा बदलला. त्यांनी तो स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवला. तिथे त्यांना फार तर एक सावली दिसत असेल.

"हिने?" ते म्हणाले. "माझ्याकडे? अगं, मग बोलली का नाहीस? पाच वर्षं मला टायवाला ऐकवतेस आणि आतून माझ्याच बाजूला आलीस?" डोळ्यांत, न दिसणाऱ्या त्या दोन डोळ्यांत पाणी भरलं. "चिमे, हिला पटलं गं. शेवटी हिला माझं पटलं."

वहिनींनी पदर तोंडावर दाबला आणि त्या आत गेल्या.

भिंतीवरच्या घड्याळाने दहा वाजवले. दादा सवयीने सावरून बसले, पाठ ताठ केली, मान थोडी पुढे केली. "ती रडतेय, तिला रडू दे. आज तू वाच. हिचे वीस आत असतील तर एकूण हिशेबच नव्याने ऐकला पाहिजे. किती?"

वही तपासबाईच्या मांडीवर होती. शेवटच्या पानावर वहिनींच्या अक्षरात कालचे, पुन्हा तेवढेच, एकसष्ट लाख चाळीस हजार होते. लहान मुलाच्या पट्ट्यावर त्रेचाळीस हजार होते. सांग, असं तिने स्वतःला बजावलं. तुला एवढंच येतं, तेवढं तरी कर. दादांची मान पुढे होती. ते आयुष्यभर घड्याळाशी कान नेत, अगदी तशी.

"एकसष्ट लाख," ती म्हणाली, "पंचावन्न हजार."

"कालच्यापेक्षा पंधरा जास्त."

"हो. पंधरा जास्त."

दादांनी समाधानाने श्वास सोडला. आजच्या दिवसापुरतं, असं तपासबाईने मनात म्हटलं. आज त्याचा डोळा गेलाय. उद्या सांगेन, परवा तरी नक्की सांगेन.

"मग आता लेकीला फोन लाव," दादा म्हणाले. "जावयाचे तीस पडून आहेत आणि तो त्या सल्लागाराकडे निघालाय. त्याला म्हणावं, सासूबाईंनीसुद्धा काढून बाबांकडे दिले, आत्याने स्वतः तपास केलाय. तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे, चिमे. लाव फोन."

त्यांनी चाचपत फोन उचलला आणि तिच्या हातात दिला.